कर्नाळ्याचा तिसरा मजला

समस्त पनवेलकरांस, त्यांच्या पाहुण्यारावळ्यांस आणि वडाळे तलावाभोवती रोज सकाळी हात हलवत चालणाऱ्या तमाम ज्येष्ठ मंडळींस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, येत्या रविवारी, गुडघ्यांची संमती असल्यास, आमच्या वहिनी कर्नाळा किल्ला सर करणार आहेत. मोहीम यशस्वी झाल्यास त्या पनवेलमध्येच राहतील. अयशस्वी झाल्यास पुण्याला जातील. कुणाची हरकत असल्यास ती मनातच ठेवावी.

ही घोषणा मी वहिनींच्या स्वयंपाकघरात, पोह्यांच्या बशीवर चमचा वाजवून केली. वहिनी हसल्या. माझा पुतण्या, म्हणजे त्यांचा मुलगा, हसला नाही. त्याने पोह्यांतला एक शेंगदाणा बराच वेळ बशीत फिरवला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला सगळ्याचीच गंमत वाटते."

वाटते खरी. पण त्याला गंमत का वाटत नव्हती, तेही मला कळत होतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन काही वर्षं झाली. तेव्हापासून वहिनी पनवेलच्या जुन्या भागात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. इमारत जुनी म्हणजे काही ऐतिहासिक वगैरे नाही, फक्त लिफ्ट नसण्याइतकी जुनी. गेल्या वर्षी त्या जिन्यात पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. पुतण्या पुण्याला ऑफिसात होता. तो तसाच गाडी काढून निघाला आणि एक्स्प्रेसवेवरून पनवेलजवळ कोनला उतरेपर्यंत मला फोनवर फोन करत राहिला. प्रत्येक फोनमध्ये एकच प्रश्न, "काका, किती वेळ पडली होती ती? कुणी होतं का तिथे?" मी सांगायचो, अरे, शेजारच्यांनी लगेच उचललं. त्याला ते खरं वाटत नसे. मी धीर द्यायला बोलतोय असं वाटे.

प्लास्टर निघालं, मनगट बरं झालं, पण त्याची भीती काही बरी झाली नाही. पुण्यात त्याचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. दर महिन्याला तो यायचा आणि तेच पालुपद.

"आई, लिफ्ट आहे तिथे."

"लिफ्टमध्ये काय रे, आरसा भेटतो. माणूस भेटत नाही."

"तुला तीन मजले चढवत नाहीत आता."

त्या रविवारी वहिनींनी पोह्यांवर खोबरं पेरता पेरता मान वर केली आणि म्हणाल्या, "तीन मजल्यांचं काय घेऊन बसलास? मी कर्नाळा चढून दाखवेन."

आता, कर्नाळा का? तर त्यांच्या गॅलरीतून तो दिसतो म्हणून. पनवेलच्या दक्षिणेला आकाशात कुणीतरी अंगठा वर केल्यासारखा सुळका आहे, तो कर्नाळ्याचा. वहिनी गेली चाळीस वर्षं त्या अंगठ्यासमोर कपडे वाळत घालत आल्या आहेत. वर मात्र कधी गेल्या नव्हत्या. गड चढायचं वेड पुतण्याला. त्याचा एक मित्रमंडळींचा गट आहे, दर शनिवार-रविवारी सह्याद्रीत कुठेतरी. माणिकगड, इर्शाळ, प्रबळ, सगळं त्याचं करून झालेलं. त्यामुळे कर्नाळ्याची चढण काय आहे ते त्याला ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर तो पटकन बोलून गेला, "चल. चढलीस तर पुण्याचं नाव नाही काढणार. नाही चढलीस तर सामान बांधायचं."

"कबूल," वहिनी म्हणाल्या.

मी तात्काळ स्वतःला पंच म्हणून नेमलं. पुतण्याची अट होती की कुणी हात द्यायचा नाही, कारण तिसऱ्या मजल्यावर एकटं राहताना हात द्यायला कोण येणार आहे. वहिनींची अट होती की घड्याळ लावायचं नाही. जायचं कुठपर्यंत? किल्ल्याच्या दरवाजापर्यंत. सुळक्याच्या टोकावर तर दोर लावून चढणारेच जातात, तो वहिनींना माफ. वर भेळ करायची, हे कलम त्यांनी शेवटी घुसडलं. मी ते एकमताने मंजूर केलं.

इथे मला त्यांच्या जिन्याबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

वहिनी बाजारातून आल्या की पहिल्या मजल्यावर थांबतात. तिथे एक निवृत्त गृहस्थ राहतात, बँकेत होते. दाराबाहेर जिन्याच्या वळणावर त्यांनी घडीची लोखंडी खुर्ची ठेवली आहे. वहिनी तिच्यावर बसतात, गृहस्थ पिशवीत डोकावतात, "आज काय आणलंत?" म्हणतात, आणि काहीही आणलं असलं तरी "महाग पडलं" असं जाहीर करतात. मग दुसरा मजला. तिथे भाभी राहतात. मूळच्या उरणकडच्या, यजमान कितीतरी वर्षं कुवेतला होते, आता परत आलेत. भाभींचं दार तेव्हा उघडंच असतं. तिथे पाणी, आणि पाण्याबरोबर अख्ख्या मोहल्ल्याच्या बातम्या. मग वहिनी कमरेची किल्ली काढून हातात घेतात, आणि तिसरा मजला ती वाजवत वाजवत एकट्या चढतात. आणि दारात पोचल्या, की कपाळाला हात. रोज. काहीतरी खाली राहिलेलंच असतं. पुतण्याचं निम्मं बालपण त्या जिन्यात गेलं. आईचा हात कपाळाकडे निघाला, की हा "थांब, मी आणतो" म्हणत दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली.

असो. रविवार उजाडला.

जानेवारीतली सकाळ होती. पळस्पे फाट्यावर धुकं असं दाट, की पुढच्या ट्रकच्या मागे रंगवलेलं कमळ तेवढं तरंगत चाललेलं दिसत होतं. वहिनींनी सुती साडी नेसून पदर कमरेला घट्ट खोचला होता आणि पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट घातले होते. पुतण्याकडे दोन काठ्या, पाठीवर नळीने पाणी प्यायची पिशवी, आणि थोड्या थोड्या वेळाने टुं करणारं घड्याळ. घड्याळ अटीत बसत नाही असं मी म्हणालो, तेव्हा त्याने ते बाहीखाली सरकवलं. तिथूनही ते टुं करत राहिलं.

कर्नाळ्याला अभयारण्य आहे. फाटकावर वनखात्याचा पहारेकरी पिशव्या उघडून प्लास्टिक तपासतो. त्याने आमच्या पिशवीत हात घातला आणि एकामागून एक बाहेर काढत गेला. कुरमुऱ्यांची कापडी थैली, शेवेचा स्टीलचा डबा, चटण्यांच्या दोन बरण्या, पातेलं, उलथनं.

"मॅडम, वर राहायला चाललाय का?"

"भेळ करायची आहे," वहिनी म्हणाल्या.

"आज काय म्हणावं," तो मला म्हणाला. "मघाशी एक जण घडीची खुर्ची घेऊन आले. तिच्या पट्ट्या नायलॉनच्या. आता नायलॉन प्लास्टिकमध्ये धरायचं का नाही, यावर त्यांनी मला एवढं समजावलं, की शेवटी म्हटलं, जा बाबा."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी एका झाडाकडे बघत होत्या.

फाटकाशी काकड्या विकणारी एक बाई बसली होती. तिने वहिनींना डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "बाय, कुठं चाललीस गं या वयात? वर काय बी नाय. नुसता वारा हाय."

"मग वारा खाऊन येते," वहिनी म्हणाल्या आणि निघाल्या.

सुरुवातीची वाट गोड आहे. लाल माती, वर झाडांची कमान, कोतवाल पक्षी फांदीफांदीवर हजेरी लावतात, आणि कुठूनतरी शीळ येते. शीळ घालणारा पक्षी दिसत मात्र नाही. मी प्रत्येक झाडाखाली थांबून पक्षी शोधत होतो. पुतण्याचं म्हणणं, मला दम लागला होता. दोन्ही खरं.

मग चढ सुरू झाला. झाडांची मुळं वाटेवर आडवीतिडवी पसरलेली, एकेक मूळ म्हणजे एकेक उंच पायरी. वहिनींनी पदराने तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं. मग पुसायलाही हात उचलेनात. एका दगडाला टेकून त्या उभ्या राहिल्या. श्वास वाजत होता, ओठ पांढरे पडले होते. मोडलेलं मनगट त्यांनी दुसऱ्या हातात धरलं होतं, ते दुखताना धरतात तसं.

पुतण्या दोन पावलं खाली आला. हात पुढे निघाला होता, तो त्याने अट आठवून मागे घेतला.

"आई. पुरे झालं ना? कुणाला काय दाखवायचंय? परत जाऊ. पुण्याला पण छान टेकडी आहे घराजवळ, आपण रोज..."

"मला जरा उभं राहू दे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझ्या त्या चमचा वाजवून केलेल्या घोषणेची लाज वाटली. अडुसष्ट वर्षांची बाई. मी पंच. कसला पंच? मी तोंड उघडणार, एवढ्यात वरच्या वळणावरून आवाज आला.

"या, या. आज काय आणलंत?"

वळणावर, एका भल्यामोठ्या झाडाच्या बुंध्याशी, घडीची लोखंडी खुर्ची मांडून, तिच्या शेजारी पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते. माकडटोपी, स्वेटर, हातात वर्तमानपत्र. जणू त्यांच्या मागे त्यांचं दारच आहे आणि आत कुकर लागलाय.

वहिनींनी मान वर केली. मग एका मुळावर पाय ठेवला, मग दुसऱ्या. गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. गृहस्थांनी वाकून पिशवीत बघितलं.

"कुरमुरे?"

"हो."

"महाग पडले."

पुतण्या कमरेवर हात ठेवून उभा. "हे काय आहे? काका! हे चीटिंग आहे!"

मी घसा खाकरला. असे प्रसंग आयुष्यात फार थोडे येतात. "पंचांनी नियम तपासून पाहिले आहेत," मी म्हणालो. "हात द्यायचा नाही, असं ठरलं होतं. गृहस्थांनी हात दिलेला नाही. खुर्ची दिली आहे. खेळ पुढे चालू."

"अरे, तुला कसं समजत नाही," वहिनी खुर्चीवरून मुलाला म्हणाल्या. त्यांचा रंग परत आला होता. "तुला वाटतं मी तीन मजले चढते. मी कुठे तीन मजले चढते? मी एक मजला चढते आणि बसते. मग परत एक चढते."

"आणि हा डोंगर आहे!"

"मग? डोंगरालाही वळणं असतातच."

त्यांनी आठवडाभर आधीच सगळं जुळवून ठेवलं होतं, मलाही पत्ता लागू न देता. गृहस्थ पहाटे रिक्षा करून आले होते. त्यांना विचारलं, एवढी खुर्ची डोंगरावर कशी आणलीत? म्हणाले, "डोक्यावर. टोपीचा उपयोग झाला." वहिनी उठल्यावर खुर्चीवर मी बसलो. बरंच बसलो. गृहस्थ म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे मुक्कामाला आलात का?" तेव्हा उठलो.

पुढे वाट सोंडेवर येते, झाडी विरळ होते आणि कर्णाई देवीचं छोटं देऊळ लागतं. पुतण्या आता पुढे धावत नव्हता. आईच्या मागे, दोन हातांचं अंतर ठेवून चालत होता. त्याच्या काठ्या वापरल्याविना हातात लटकत होत्या. देवळाच्या कट्ट्याजवळ भाभी बसल्या होत्या, काळ्या बुरख्यावर जाड लोकरी शाल, पुढ्यात पाण्याचा स्टीलचा थर्मास.

"या ताई. बसा. अल्ला के वास्ते आधी पाणी घ्या, मग बोला. केवढ्या लाल झालात!"

"तुम्ही कशा चढलात हो भाभी?" वहिनींनी विचारलं.

"मी? माझे मियाँ मागून ढकलत होते. आता तिकडे झाडाखाली पडलेत, त्यांना उठवू नका."

वहिनी बसल्या, पाणी प्यायल्या, आणि दोघींनी बातम्यांना हात घातला. कुणाच्या सुनेला दिवस गेले, उलव्यात कुणी फ्लॅट घेतला आणि तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत कशी धूळ असते. डोंगराच्या सोंडेवर, देवीच्या दारात, दुसऱ्या मजल्याची बैठक अगदी रीतसर भरली. मी आणि पुतण्या बाजूला उभे, पाहुण्यांसारखे.

मध्येच भाभींचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "बेटा, तू असा का उभा? बस ना."

तो बसला. मग त्याने या मानलेल्या मावशीला एकदम विचारलं, "खाला, आई पडली त्या दिवशी... ती किती वेळ पडली होती?"

भाभींना प्रश्नच समजला नाही. "किती वेळ म्हणजे? पडली आणि मी गेले."

"तुम्हाला कळलं कसं?"

"अरे, ती रोज माझ्याकडून वर जाते तेव्हा किल्ली वाजवत जाते ना. मग कडी वाजते. कडीचा आवाज आला की मी माझं दार लावते. त्या दिवशी किल्ली वाजली, मग किल्ली पडली. कडी वाजलीच नाही." भाभींनी थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. "मग मी काय करणार, बसणार? हातात पीठ होतं, तशीच पळाले."

पुतण्याच्या बाहीखाली घड्याळ टुं वाजलं. त्याने ते मनगटावरून काढलं आणि पिशवीत टाकलं. मला त्याचा तो एक्स्प्रेसवेवरचा आवाज आठवला, कुणी होतं का तिथे, कुणी होतं का. एक वर्षभर त्याच्या डोक्यात आई त्या जिन्यात एकटी पडलेली होती. खरं तर ती तिथे एकटी अशी कधी नव्हतीच.

"चला," वहिनी उठल्या. शेवटचा टप्पा राहिला होता. देवळामागून कातळात कोरलेल्या पायऱ्या उभ्या वर जातात, एका बाजूला लोखंडी कठडा आहे. वर दरवाजाची कमान दिसते, आणि तिच्यामागे तो अंगठा, गॅलरीतून दिसतो त्याच्या कितीतरी पट मोठा.

पुतण्या म्हणाला, "मी पुढे जातो. वर थांबतो." आणि झपाझप गेला. मला वाटलं, त्याला त्या वेळी कुणी बघायला नको होतं.

वहिनींनी कमरेला हात घातला आणि किल्ली काढली.

घराची किल्ली. तिथे, डोंगरावर. मला नाही वाटत त्यांनी ते ठरवून केलं असेल. एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हातात किल्ली, आणि निघाल्या. पायरीला पाय, किल्लीचा आवाज, मग पुढची पायरी. मी पंच म्हणून मागे होतो, पण दोन्ही हातांनी कठडा ओढत चाललेला पंच कुणाचा काय निकाल देणार? खाली वळून बघितलं, तर भाभी देवळापाशी उभ्या. मान किंचित तिरकी. ऐकत होत्या.

वारा सुटला होता. काकडीवाल्या बाईने सांगितलेला तोच. एका बाजूला खाली आपट्याकडे पाताळगंगेचं वळण चमकत होतं. दुसऱ्या बाजूला उलव्याच्या क्रेन काडेपेटीच्या काड्यांएवढ्या दिसत होत्या आणि नव्या विमानतळावरून निघालेलं एक विमान आमच्या उंचीच्या आसपास तरंगत होतं. वहिनींनी एकदाच थांबून त्याच्याकडे बघितलं, "बाई, केवढं जवळ!" म्हणाल्या, आणि पुन्हा पायरीकडे वळल्या.

शेवटच्या काही पायऱ्या उंच आहेत. तिथे त्या गुडघ्यावर हात ठेवून एकेक पाय वर ओढत होत्या. वर कमानीत पुतण्या उभा. त्याचे दोन्ही हात पाठीमागे. एका हाताने दुसरा घट्ट धरून ठेवला होता, चुकून पुढे जाऊ नये म्हणून. अट त्यानेच घातली होती आणि पाळताना त्याचं तोंड बघवत नव्हतं.

आणि वहिनी दरवाजात पोचल्या. कमानीच्या दगडाला त्यांनी तळहात टेकवला, घराच्या दाराला टेकवतात तसा, आणि श्वास घेत उभ्या राहिल्या.

माझ्याजवळ निकालपत्राचं भाषण तयार होतं. ते करायला माझ्यापाशी हवा शिल्लक नव्हती.

पुतण्याच म्हणाला. आईकडे न बघता, पनवेलच्या दिशेने बघत. "ठीक आहे. राहा पनवेललाच. पुण्याचा विषय संपला." मग आईकडे वळला. "पण आता भाभींचा नंबर माझ्याकडे पाहिजे. आणि खालच्या काकांचा पण. आणि तुझी ती किल्ली..."

वहिनींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या पिशवीत हात घालून चाचपत होत्या. कुरमुरे होते, शेव होती, चटण्या होत्या, उलथनंसुद्धा होतं. हात बाहेर आला आणि सावकाश कपाळाकडे गेला.

"अगंबाई! कोथिंबीर गाडीतच राहिली!"

आणि बेचाळीस वर्षांचा तो बाप्या, पुण्यात चौदाव्या मजल्यावर राहणारा, ज्याची गाडी तिथून डोंगरभर खाली फाटकाबाहेर उभी होती, काठ्या टाकून, दोन पायऱ्या एकदम उतरून मोठ्याने ओरडला,

"थांब, मी आणतो!"